पैसे आपले, स्क्रीन कोणाची?



एप्रिल 2024 च्या अखेरीस विंडोज 11 च्या स्टार्ट मेनूत एक बदल झाला. या मेनूच्या खालच्या भागात 'रेकमेंडेड' नावाचा कप्पा असतो. तोवर तिथे नुकत्याच उघडलेल्या फाइल आणि नव्याने घेतलेली ॲप दिसत. त्या अपडेटनंतर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील, कंपनीने निवडलेल्या विक्रेत्यांची ॲपही तिथे दिसू लागली. काल संध्याकाळी केलेले कोटेशन, परवाची जीएसटीची फाइल आणि त्यांना खेटून, त्याच मांडणीत, वापरणाऱ्याने कधी न मागितलेले एक ॲप.

आजचा विषय या कप्प्याचा आहे. फुकट वेबसाइटवरच्या किंवा फुकट व्हिडिओच्या आधी येणाऱ्या जाहिरातींबद्दल इथे तक्रार नाही. तिथला व्यवहार सगळ्यांना ठाऊक असतो: पैसे देत नाही, म्हणून जाहिरात बघतो. पण ज्या वस्तूची पूर्ण किंमत मोजली, जिचे बिल कपाटात आहे, त्या वस्तूच्या आत विकणाऱ्याने नंतरही दुकान मांडावे का, हा प्रश्न आहे.

गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात रात्र पडेपर्यंत व्याख्याने ऐकणाऱ्या नाशिकला समाजाचे, शेतीचे, साहित्याचे विषय ओळखीचे आहेत. त्यापुढे संगणकातली जाहिरात किरकोळ वाटू शकते. ती किरकोळ नाही. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतले हिशेब, लासलगावच्या लिलावाच्या पावत्या, सेवा केंद्रातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला, बांधावर उभे राहून केलेली ई-पीक पाहणी, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, हे सारे आता एका स्क्रीनमधून जाते. त्या स्क्रीनवर कोणी काय दाखवायचे हा नागरिकाच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न झाला आहे.

आधी किमतीचे पाहू. विंडोज 10 आली 29 जुलै 2015 रोजी. भारतात तिच्या होम आवृत्तीची किंमत 7,999 रुपये आणि प्रो आवृत्तीची 14,999 रुपये ठेवली होती. बहुतेकांना ती रक्कम वेगळी मोजावी लागली नाही, कारण नव्या लॅपटॉपच्या किमतीतच परवाना धरलेला असतो. मेनरोडवरच्या किंवा कॉलेज रोडवरच्या दुकानात 'विंडोज लोडेड आहे' असे सांगतात, तेव्हा ती काही भेट नसते. तिचे पैसे बिलात असतात. असे पैसे देऊन घेतलेल्या विंडोज 10 मध्ये पहिल्याच दिवसांपासून कँडी क्रश सागा हा खेळ हजर झाला. फेब्रुवारी 2016 मध्ये अनेकांच्या लॉक स्क्रीनवर 'राइज ऑफ द टूम रेडर' या खेळाची जाहिरात आली. मार्च 2017 मध्ये ज्या खिडकीत आपण फाइल शोधतो, त्या फाइल एक्सप्लोररमध्येच वनड्राइव्हची वर्गणी घ्या असा पट्टा दिसू लागला.

याचे बीज जुने आहे. 1997 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 4 बरोबर डेस्कटॉपच्या कडेला 'चॅनेल बार' आला आणि पुढे तो विंडोज 98 मध्येही होता. त्यावर डिस्ने, वॉर्नर ब्रदर्स अशा कंपन्यांची बोधचिन्हे असत. फरक इतकाच, की तो एका फुलीत कायमचा बंद करता येई.

पैसे देऊनही जाहिरात, ही गोष्ट महाराष्ट्राला पूर्वी कधी भेटलीच नाही असे नाही. रेडिओ ऐकायला एके काळी परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी शुल्क भरायचे आणि पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. त्या काळात, 1 नोव्हेंबर 1967 रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे परवान्याचे पैसे श्रोत्याचेच आणि जाहिरातीही त्याच्याच कानावर. तरी त्या व्यवहाराला मर्यादा होत्या. जाहिराती एका सेवेपुरत्या होत्या. त्या कार्यक्रमांच्या मध्ये येत आणि जाहिरात म्हणूनच येत. प्रादेशिक बातम्या वाचणाऱ्याच्या आवाजात साबण विकला जात नव्हता. ज्याला नको असे तो खटका फिरवून दुसरे केंद्र लावी. ऑपरेटिंग सिस्टिमला दुसरे केंद्र नसते.

या विषयाचे मर्म या 'आवाजा'त आहे. संगणकात दोन प्रकारचे बोलणे असते. एक, निरनिराळ्या प्रोग्रामचे. दुसरे, खुद्द सिस्टिमचे: बॅटरी संपत आली, डिस्क भरली, अपडेट लावायचे राहिले, फाइल सुरक्षित नाही. हे दुसरे बोलणे आपण ऐकतो, कारण ते न ऐकल्यास नुकसान होते. महाराष्ट्रात तर हा विश्वास शिकवला गेला आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून या राज्याच्या दोन पिढ्या संगणकाला सामोऱ्या गेल्या. सरकारी नोकरीसाठी तो दाखला लागतो, म्हणून येवल्यापासून इगतपुरीपर्यंत तालुक्या-तालुक्यांत त्याचे वर्ग भरले. माऊस कसा धरायचा इथपासून ज्यांनी सुरुवात केली, त्या शिक्षिकांनी, तलाठ्यांनी, लिपिकांनी तिथे एक सवय लावून घेतली: स्क्रीनवर खिडकी आली की आधी वाचायचे, मग बटण दाबायचे. ही चांगली सवय आहे. जाहिरात नेमकी तिच्यावर उभी राहते. ती सिस्टिमच्या रंगात, सिस्टिमच्या अक्षरात, सिस्टिमच्या जागी येते आणि प्रामाणिकपणे वाचणारा माणूसच तिच्यात अडकतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण 2016 चे आहे. विंडोज 7 आणि 8.1 वापरणाऱ्यांना विंडोज 10 घ्या असे सांगणारी खिडकी वारंवार येत होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात तिची रचना बदलली. अपडेटची वेळ आधीच ठरवलेली असे आणि कोपऱ्यातली लाल फुली दाबली, तर नकार नव्हे, होकार धरला जाई. वीस वर्षे ज्या फुलीचा अर्थ 'नको' होता, तिचा अर्थ एका रात्रीत फिरवला. कॅलिफोर्नियातील एका महिला ट्रॅव्हल एजंटच्या कामाच्या संगणकावर हे नवे विंडोज नीट बसले नाही, तो चालेनासा झाला. त्या न्यायालयात गेल्या आणि त्यांना 10,000 डॉलरची भरपाई मिळाली. मायक्रोसॉफ्टने पुढे अपील सोडून दिले.

आजची तऱ्हा अधिक सौम्य आहे, पण जातकुळी तीच. मोठे अपडेट झाल्यावर संगणक सुरू केला की कधी कधी डेस्कटॉपऐवजी पूर्ण स्क्रीनभर एक पान येते: तुमच्या संगणकाची मांडणी पूर्ण करू या. संगणक तर दोन वर्षे व्यवस्थित चाललेला असतो. पूर्ण करायचे ते काय, तर मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, वनड्राइव्ह आणि ऑफिसची वर्गणी. पुढे जायचे बटण मोठे. दुसरा पर्याय तीन दिवसांनी आठवण करून देण्याचा. 'पुन्हा विचारू नका' असे म्हणायला त्या पानावर जागाच नसते. सेवा केंद्रात रांग लागलेली असताना, दाखल्याची मुदत संपत आलेली असताना असे पान उभे राहिले, तर चालक घाईत काय दाबेल हे सांगायला नको.

'पण हे सगळे बंद करता येते' असे उत्तर मिळते. येते, पण त्याचा मार्ग पाहण्यासारखा आहे. विंडोज 11 मध्ये स्टार्ट मेनूतल्या जाहिराती बंद करायला सेटिंग्ज, पर्सनलायझेशन आणि मग स्टार्ट इथे जावे लागते. लॉक स्क्रीनवरच्या 'टिप्स' वेगळ्या पानावर. ते 'मांडणी पूर्ण करू या' प्रकरण नोटिफिकेशन्सच्या तळाशी, आणखी एका घडीत. जाहिरातींसाठी आपल्याला दिलेला ओळखक्रमांक प्रायव्हसीच्या पानावर. आणि फाइल एक्सप्लोररमधील वनड्राइव्हचा पट्टा? त्यासाठी फोल्डर ऑप्शन्स उघडून, व्ह्यू या टॅबमधील लांबलचक यादीत खाली उतरून 'शो सिंक प्रोव्हायडर नोटिफिकेशन्स' या ओळीपुढची खूण काढायची. या ओळीत जाहिरात हा शब्द नाही, वनड्राइव्ह हे नाव नाही. ज्याला आधीच कोणी सांगितले आहे, त्यालाच ही ओळ सापडणार. एक हेतू, पाच जागा, आणि सगळ्यांवर एकदम चालणारा एकही खटका नाही. हे नजरचुकीने घडत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या आवृत्त्यांत प्रशासकाला 'टर्न ऑफ मायक्रोसॉफ्ट कन्झ्युमर एक्स्पीरियन्सेस' नावाचे धोरण लावता येते. ते लावले की न मागितलेली ॲप आणि शिफारशी थांबतात. विंडोज 10 च्या सुरुवातीला ही सोय प्रो आवृत्तीतही होती. ऑगस्ट 2016 च्या ॲनिव्हर्सरी अपडेटने ती प्रोमधून काढून घेतली. याचा अर्थ उघड आहे. हजारो संगणक घेणाऱ्या बड्या कंपनीला शांतता मिळते. भद्रकालीतला दुकानदार, सिन्नरचा एकट्याने चालणारा वर्कशॉपवाला, घरून शिकवण्या घेणाऱ्या बाई, यांना ती मिळत नाही, आणि जादा पैसे मोजतो म्हटले तरी दुकानात जाऊन ती आवृत्ती सहज विकत घेता येत नाही. सौदा करण्याची ताकद ज्याच्याकडे नाही, त्याच्या वाट्याला जाहिरात येते.

संगणकाच्या मुळात जाहिरात घुसवली की केवळ मनस्ताप होतो असेही नाही. लेनोवोने 2014 च्या सप्टेंबरपासून काही महिने आपल्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा प्रोग्राम भरून विकला. आपण शोधत असलेल्या पानावर खरेदीच्या जाहिराती घुसवणे हे त्याचे काम. सुरक्षित, कुलूपबंद पानांवरही त्या दाखवता याव्यात म्हणून त्याने त्या लॅपटॉपमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले. आणि सगळ्या लॅपटॉपवर किल्ली एकच होती. ती किल्ली फेब्रुवारी 2015 मध्ये संशोधकांनी उघडी पाडली. ती ज्याच्या हाती लागेल, त्याला एखाद्या कॅफेच्या वाय-फायवर बसून त्या लॅपटॉपधारकापुढे बँकेचे खोटे पान उभे करता आले असते, आणि ब्राउझरने ते खरे मानले असते. अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला तो प्रोग्राम काढून टाका असे जाहीर सांगावे लागले. सप्टेंबर 2017 मध्ये लेनोवोने अमेरिकी फेडरल ट्रेड कमिशन आणि 32 राज्यांशी तडजोड केली आणि राज्यांना 35 लाख डॉलर दिले. जाहिरातीसाठी दाराला पाडलेले भोक चोरालाही पुरते, हे तिथे सिद्ध झाले.

नाशिक जिल्ह्यात लॅपटॉपपेक्षा मोबाइल कितीतरी जास्त. निफाड किंवा चांदवडचा शेतकरी कांद्याचा भाव पाहतो तो मोबाइलवर, आणि तो मोबाइल बहुधा दहा-पंधरा हजारांच्या आतला असतो. शाओमीच्या फोनमध्ये सेटिंग्जच्या पानावर आणि फाइल मॅनेजरमध्येही जाहिराती येतात, याची जगभर चर्चा 2018 मध्ये झाली. त्या चालवणाऱ्या अंगभूत ॲपचे नाव 'एमएसए'. त्याची परवानगी काढून घ्यायला गेले की दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. ती संपेपर्यंत बटण दाबता येत नाही. मग कित्येकदा 'परवानगी काढता आली नाही' असा संदेश येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लॉक स्क्रीनवर 'ग्लान्स' असते. बंगळुरूच्या इनमोबीची ही सेवा भारतातील अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये भरूनच येते. फोन खिशातून काढला, अजून उघडलाही नाही, तोच चित्र, बातमी आणि विक्री समोर.

फोन कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. शाओमीने एप्रिल 2018 मध्ये जाहीर केले होते, की यंत्रांच्या विक्रीतून 5 टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही. बाकीची कमाई इंटरनेट सेवांतून, म्हणजे बऱ्याच अंशी जाहिरातींतून. स्वस्त फोनमुळे ज्या घरात पहिल्यांदा इंटरनेट पोचले, त्या घराला हा सौदा वाईट वाटेलच असे नाही. मायक्रोसॉफ्टलाही सांगता येईल, की 2015 नंतर जुन्या ग्राहकांकडून विंडोज 10 आणि पुढे 11 साठी वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि सुरक्षेची अपडेट दर महिन्याला देणे खर्चाचे असते. ते खरे आहे. पण सौदा असेल, तर तो विकत घेण्यापूर्वी सांगितला पाहिजे. ॲमेझॉनने एप्रिल 2011 मध्ये किंडल दोन किमतींना ठेवले: जाहिरातींसह 114 डॉलर, जाहिरातींविना 139 डॉलर. ग्राहकाने पंचवीस डॉलर हातात धरून निवड करायची. महामार्गालगतच्या घराची भिंत सिमेंटच्या किंवा बियाण्याच्या कंपनीला रंगवायला देणारा माणूसही हेच करतो. रंग फुकट मिळतो किंवा चार पैसे मिळतात, आणि हो त्याने स्वतः म्हटलेले असते. आपल्या लॅपटॉपच्या खोक्यावर एमआरपी असते, रॅम किती, डिस्क केवढी, सगळे असते. 'यात जाहिराती दाखवल्या जातील' ही एक ओळ मात्र छापलेली नसते.

आणि या कमाईला वरची सीमा नाही. मायक्रोसॉफ्टचे सर्च आणि बातम्यांशी जोडलेल्या जाहिरातींचे उत्पन्न आता वर्षाला बारा अब्ज डॉलरच्या पुढे गेले आहे. स्वतःला जाहिरातींपासून वेगळे म्हणवणारी ॲपलही यातून सुटलेली नाही. जून 2025 मध्ये तिने आयफोनच्या वॉलेट ॲपमधून, जिथे लोक बँकेची कार्डे ठेवतात तिथून, आपण काढलेल्या फॉर्म्युला वनवरील चित्रपटाच्या तिकिटांवर सवलतीची जाहिरात अमेरिकेत लोकांना पाठवली. इतकी महाग यंत्रे घेऊनही सुटका नसेल, तर 'स्वस्त म्हणून जाहिरात' हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

मग करायचे काय? ज्या प्रांतातून ग्राहक चळवळ उभी राहिली, त्या प्रांतात हा प्रश्न हताशपणे विचारण्याचे कारण नाही. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाच नव्हता. तो आला 1986 मध्ये. माप, भेसळ, साठेबाजी यांच्याशी लढता लढता लोकांनी कायदा घडवला. आज उलट स्थिती आहे. नियम हाताशी आहे, त्याचा वापर व्हायचा आहे.

30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला फसवून किंवा थकवून होकार घेणारे 13 प्रकार त्यांत दिले आहेत. त्यांत एक आहे छुपी जाहिरात: स्क्रीनवरच्या बाकी मजकुरात मिसळून जाईल अशा रूपातली जाहिरात. एक आहे सतत पिच्छा पुरवणे: व्यापारी फायद्यासाठी पुन्हा पुन्हा विनंत्या, सूचना, अडथळे उभे करणे. एक आहे सक्तीची कृती. स्टार्ट मेनूतला तो कप्पा, तीन दिवसांनी परतणारे ते पान आणि दहा सेकंदांची ती मोजणी या व्याख्यांशेजारी ठेवून पाहा. ही तत्त्वे भारतात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या प्लॅटफॉर्मना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांना लागू आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम त्यांत बसते हे प्राधिकरणापुढे मांडावे लागेल, पण मांडायला आधार भक्कम आहे.

न्यायालयीन वाट किती वळणांची असते, हेही ध्यानात ठेवावे. भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला आणि फोनमध्ये आधीच भरलेली गुगलची ॲप काढून टाकण्याची मुभा वापरणाऱ्याला द्या असा निर्देश दिला. 29 मार्च 2023 रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. ॲप काढू देण्याचा निर्देश मात्र रद्द केला. युरोपात याच काळात डिजिटल मार्केट्स ॲक्ट लागू झाला आणि मार्च 2024 पासून तिथल्या विंडोजमधून मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर काढून टाकता येऊ लागला. यंत्र तेच, कंपनी तीच. पॅरिसच्या ग्राहकाला जे मिळाले ते पंचवटीतल्या ग्राहकाला मिळाले नाही, याला तांत्रिक कारण नाही. तिथे कायद्याने मागितले, म्हणून मिळाले.

ज्यांना जमेल त्यांनी लिनक्सकडे जावे. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. पण टॅली, छपाईयंत्रांचे ड्रायव्हर आणि सरकारी पोर्टलांच्या सह्या यांत गुंतलेल्या माणसाला 'विंडोज सोडा' असे सांगणे म्हणजे त्याचा प्रश्न त्याच्याच गळ्यात बांधणे आहे. बदल विकणाऱ्याने करायचा आहे.

तो करायला लावण्याची ताकद या शहरात आहे. मुक्त विद्यापीठ इथे आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे आहे, शेकडो शाळा-महाविद्यालये चालवणारा मराठा विद्या प्रसारक समाज इथे आहे. जिल्हा परिषद, महापालिका, बाजार समित्या आणि सहकारी बँका दरवर्षी संगणक घेतात. या संस्थांत निविदेचे कागद तयार करणारे अनेकजण आज या सभागृहात असतील. त्यांना विनंती आहे, की पुढच्या निविदेत दोन अटी घालाव्यात: यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कोणतीही जाहिरात किंवा न मागितलेले ॲप नसेल, आणि पुढच्या अपडेटने ते आल्यास काढून देण्याची जबाबदारी पुरवठादाराची राहील. शिक्षण संस्थांनी एज्युकेशन आवृत्ती घेऊन न मागितलेली ॲप थांबवणारे ते धोरण पहिल्याच दिवशी लावावे. आणि घरी एकच लॅपटॉप असलेल्यांनी अशी जाहिरात दिसेल तेव्हा तिचे छायाचित्र काढून, तारीख टाकून, बिलासह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते.